बाराचे चोवीस, चोवीसचे दोनशे तीस

आंबा घाट चढून रत्नागिरीची मासळी कोल्हापुरात आणणारी पिकअप 12 व्होल्टवर चालते, तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून कास्टिंग भरून निघणारा दहाचाकी ट्रक 24 व्होल्टवर चालतो. शिशाच्या बॅटरीतील एक सेल सुमारे 2.1 व्होल्ट देतो. असे सहा सेल एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडले की पूर्ण भरलेल्या बॅटरीचे 12.6 व्होल्ट होतात, आणि मोठ्या ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या पुन्हा एकसर जोडलेल्या असतात. चालकाची गरज मात्र या दोन आकड्यांपाशी थांबत नाही. कोणाला पिकअपवर 24 व्होल्टचा दिवा किंवा पंप बसवायचा असतो, तर लांबच्या फेरीवर जाणाऱ्याला केबिनमध्ये 230 व्होल्टवर चालणारा भाताचा कुकर हवा असतो. व्होल्टेज वाढवणारी उपकरणे, म्हणजे 12 चे 24 करणारा कन्व्हर्टर आणि 230 व्होल्ट देणारा इन्व्हर्टर, आज सहज मिळतात. खरी अडचण त्यांच्या बॅटरीकडील बाजूला असते आणि तिची चर्चा फारशी होत नाही.

शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज वाढवल्याने शक्ती वाढत नाही. उलट रूपांतरात थोडी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. 1000 वॅटचे उपकरण 230 व्होल्टवर जेमतेम 4.3 अँपिअर करंट घेते, पण इन्व्हर्टरची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर त्यासाठी 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 98 अँपिअर ओढावे लागतात. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये हाच आकडा 49 वर येतो, आणि तारेत वाया जाणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याच तारेतील नुकसान निम्मे नव्हे, तर चौथ्या हिश्शावर येते. शेकडो अँपिअर ओढणारा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरवण्यासाठी अवजड गाड्यांनी 24 व्होल्ट स्वीकारले, त्यामागेही हाच हिशेब आहे.

घरच्या वायरिंगमध्ये सर्रास वापरली जाणारी अडीच एमएमची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, तांब्याची तार घ्या. तिचा रोध दर मीटरला सुमारे 7.4 मिलिओहम असतो. बॅटरीपासून चार मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तारेच्या टोकाला, इन्व्हर्टर बसवून 98 अँपिअर ओढायचे म्हटले, तर वाटेतच जवळजवळ 5.8 व्होल्ट गळून पडतील. बॅटरीचे निम्मे व्होल्टेज तारेने खाल्ल्यावर इन्व्हर्टर चालणार नाही. तार तापून तिचे आवरण वितळेल, ते वेगळेच. हाच इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभर अंतरावर 25 चौरस मिलिमीटरच्या केबलने जोडला आणि पुढचे चार मीटर 230 व्होल्टची वीज त्याच अडीच एमएमच्या तारेतून नेली, तर केबलमध्ये सुमारे 0.14 आणि तारेत सुमारे 0.26 व्होल्ट इतकीच घट होते. म्हणून व्होल्टेज बॅटरीजवळ वाढवावे आणि वाढलेले व्होल्टेज लांब न्यावे. घाटातल्या पावसाचे पाणी उडणाऱ्या बॅटरीच्या पेटीत मात्र इन्व्हर्टर ठेवता येत नाही, त्यामुळे तो केबिनमध्ये सीटखाली घेऊन जाड केबलचा खर्च सोसणे हीच व्यवहार्य तडजोड ठरते. उपकरणाच्या खोक्यावर वॅटचा आकडा ठळक छापतात आणि लागणाऱ्या केबलची जाडी माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात ढकलतात; माझ्या मते हे उलट असायला हवे.

12 चे 24 करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये मुख्यतः तारेचे एक वेटोळे, एक इलेक्ट्रॉनिक स्विच, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड आणि वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवले आणि त्याच सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी वेटोळ्याचे स्वयंप्रवर्तन ओळखले. हा कन्व्हर्टर त्याच गुणावर चालतो. स्विच जोडलेला (ऑन) असताना करंट वाढत जातो आणि वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच तोडला (ऑफ केला) तरी वेटोळे करंट एकदम तुटू देत नाही. पंचगंगेवरील उपसा योजनेच्या लांब पाइपातले वाहते पाणी व्हॉल्व्ह झटक्यात बंद केल्यावर जसा दाब उसळवते, तसे ते स्वतःचे व्होल्टेज उभे करते, आणि ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळून डायोडवाटे कपॅसिटरमध्ये जाते. हे सेकंदाला हजारो ते लाखो वेळा घडते. स्विच निम्मा वेळ ऑन ठेवला, तर आदर्श स्थितीत व्होल्टेज दुप्पट होते. याच मार्गाने वीसपट वाढ मिळवणे वेटोळ्याच्या स्वतःच्या रोधामुळे परवडत नाही. म्हणून इन्व्हर्टर उच्च वारंवारतेच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरने सव्वातीनशे व्होल्टच्या पुढची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) तयार करतो आणि मग तिचे 50 हर्ट्झच्या एसीमध्ये (घरात येते तशा, दिशा बदलत राहणाऱ्या विजेत) रूपांतर करतो, कारण 230 व्होल्टच्या एसीचे शिखर 325 व्होल्टवर असते.

या उपकरणांची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाहेर ठरावीक शक्ती द्यायची असल्याने बॅटरीचे व्होल्टेज घसरू लागले की ती अधिक करंट ओढतात, त्यामुळे तारेतील घट आणखी वाढते. इन्व्हर्टर आपल्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजतो, बॅटरीवरचे नव्हे. बॅटरी भरलेली असतानाही ‘लो बॅटरी’ची शिट्टी वाजत असेल, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी तार आणि तिच्या टोकाची थिंबल तपासून पाहावी.

अर्थात बॅटरीलाही मर्यादा आहे. 100 अँपिअर-तासांचा आकडा सहसा वीस तासांच्या संथ वापरासाठी दिलेला असतो. 98 अँपिअरने अर्ध्या तासात निम्म्याहून अधिक साठा संपतो. सेल्फसाठी बनवलेल्या बॅटरीच्या पातळ पट्ट्यांना असा खोल उपसा वारंवार मानवत नाही. इंजिन चालू ठेवले तरी जागेवर उभ्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र) पूर्ण क्षमतेने वीज देत नाही.

पिकअपच्या बॅटरीला दुसरी बॅटरी एकसर जोडून 24 व्होल्ट मिळवण्याची युक्ती स्वस्त वाटते, पण सुमारे 14 व्होल्ट देणारा अल्टरनेटर त्यांतली एकच बॅटरी भरतो आणि दुसरी उतरत जाते. याच्या उलट, 24 व्होल्टच्या ट्रकमधील एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टचा स्टीरिओ चालवला, तर ती बॅटरी अर्धवट भरते आणि दुसरीला जास्त व्होल्टेज सोसावे लागते. दोन्ही ठिकाणी कन्व्हर्टरच वापरावा.

तो निवडताना इनपुटची कमाल मर्यादा पाहावी. खराब रस्त्यावर ढिले झालेले बॅटरीचे टर्मिनल चार्जिंग चालू असताना सुटले, तर अल्टरनेटरमुळे 12 व्होल्टच्या गाडीत क्षणभर सुमारे 100, तर 24 व्होल्टच्या गाडीत 200 व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते, आणि संरक्षण नसलेला स्वस्त कन्व्हर्टर तेवढ्यात जळतो. फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलला अगदी लागून आणि तारेला झेपेल एवढाच असावा, कारण चेसिसला घासून तार उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते. घरातला एसीचा एमसीबी (करंट जास्त झाल्यास आपोआप तुटणारा स्विच) येथे चालत नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला मदत होते, तर डीसीमध्ये शून्याचा तो क्षण येतच नाही. फ्यूज किंवा ब्रेकर घेताना त्यावर डीसीचे रेटिंग छापलेले आहे ना, हे दुकानातच वाचून घ्यावे.