हार्मोन सुरू झाले, आता वाट बघा

ट्रान्झिशन, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग सोडून स्वतःला जे आतून वाटतं तसं शरीर घडवणं, म्हटलं की लोकांच्या डोक्यात डायरेक्ट ऑपरेशनच येतं. खरं तर बऱ्याच जणांसाठी ते म्हणजे हार्मोनच्या गोळ्या, जेल नाहीतर इंजेक्शन आणि मग नुसती वाट बघणं, आणि मनाची जी काही उलथापालथ होते ना, ती जास्त करून या वाट बघण्यातच होते असं मला वाटतं.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचं (जन्माच्या वेळी मुलगी म्हटलेल्या पुरुषाचं) बघा. पाळी बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत थांबते, आवाज फुटायला काही महिने, मिसरूड फुटायला सहा महिने ते वर्ष, आणि दाढी नीट भरायला तर ४-५ वर्षं. म्हणजे तिशीतला माणूस, दिवसभर ऑफिसात टीम सांभाळतो आणि रात्री आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून ओठावरची लव बघत बसतो. पिंपल्स येतात, भूक वाढते, मीटिंगमध्ये आवाज मध्येच चिरकतो. दुसऱ्यांदा वयात येणंच म्हणा, फक्त यावेळी स्वतःहून मागून घेतलेलं, त्यामुळे त्या चिरकण्याचाही आनंद होतो, कितीतरी जण तर आवाज रेकॉर्ड करून ठेवतात. त्यात इंजेक्शन तेलातलं असलं की सुरुवातीच्या दिवसांत रक्तातली हार्मोनची लेव्हल वर जाते आणि पुढचा डोस जवळ आला की खाली, मग काहींची चिडचिड होते, काही गळून जातात. अशा वेळी डॉक्टर डोस छोटा आणि अंतर कमी करून बघतात.

हार्मोन सुरू व्हायची वाट बघण्याचाही अभ्यास ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालाय, २०२३ मध्ये छापून आला. ६४ प्रौढ व्यक्ती, अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉन लगेच, अर्ध्यांना तीन महिने थांबून. लगेच मिळालं त्यांचं डिप्रेशन कमी झालं, आणि आधी आत्महत्येचे विचार येत होते त्यांच्यापैकी ११ जणांचे ते पूर्ण थांबले, वाट बघणाऱ्या गटात फक्त एकाचे. नुसत्या तीन महिन्यांत!

पण सगळ्यांचं असं होत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतला हार्मोन घेणाऱ्या ३१५ ट्रान्स मुलामुलींचा दोन वर्षांचा अभ्यास आला, त्यात एकूण समाधान वाढलं, डिप्रेशन घटलं, तरी दोघांनी आत्महत्या केली, आणि डिप्रेशनमधली सुधारणा ट्रान्स मुलींमध्ये (जन्माच्या वेळी मुलगा म्हटलेल्या मुलींमध्ये) तशी दिसलीच नाही. संशोधकांनी सुचवलेलं एक कारण म्हणजे त्या घेतात त्या इस्ट्रोजेनचे, म्हणजे बायकी हार्मोनचे, बदल सावकाश होतात. त्वचा मऊ व्हायला ३ ते ६ महिने, छातीची वाढ पूर्ण व्हायला २-३ वर्षं, आणि एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने परत बारीक होत नाही, कारण स्वरतंतू जाड झालेले असतात ते तसेच राहतात. मग साडी नेसून, छान तयार होऊन गॅस बुकिंगला फोन लावला की पलीकडून "हां सर, बोला". दिवस गेला की नाही वाया? स्पीच थेरपीने फरक पडतो पण तीही महिनोन्‌महिने करावी लागते.

आणि रडू. बऱ्याच ट्रान्स बायका सांगतात की इस्ट्रोजेननंतर डोळ्यांत पटकन पाणी येतं, ट्रान्स पुरुष उलटं सांगतात, रडावंसं वाटतं पण येतच नाही. घरचे लगेच म्हणतात बघ, औषधांनी बिघडलास, आणि हेच घरचे चार महिने धड बोललेले नसतात! पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, तेव्हा झोप लागते का, घरात कोण बोलतं कोण टाळतं हेही डॉक्टरांना सांगून टाकावं, लेव्हल बरोबर असताना मन खचलेलं असेल तर डोस वाढवून भागत नाही, काउन्सेलर गाठावा लागतो.