चिनी तत्त्वज्ञान, प्राचीन

प्राचीन चिनी विचारांचा बहराचा काळ साधारणपणे इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. पू. २२१ मध्ये छिन राजवटीने चीन एका छत्राखाली आणेपर्यंतचा मानतात. चीनवर राज्य करणाऱ्या चौ घराण्यातील राजांची सत्ता नावापुरती उरली होती. मांडलिक राज्ये एकमेकांना गिळत होती आणि राज्य कसे चालवावे हे सांगणारे पंडित दरबारांमागून दरबार पालथे घालत होते. या विचारवंतांची कन्फ्यूशस, मो, ताओ (‘मार्ग’), विधिवादी (कायद्यावर भर देणारे), नाम (नावे व वस्तू यांचा संबंध तपासणारे) व यिन-यांग (विश्वातील दोन परस्परपूरक शक्तींचा विचार करणारे) अशी सहा पंथांतील विभागणी रूढ आहे, पण ती त्यांनी स्वतः केलेली नसून छिननंतरच्या हान राजवटीच्या काळातील इतिहासकार स्सु-मा थान (मृत्यू इ. स. पू. ११०) याची आहे. ताओ पंथात गणले जाणारे लाओत्से किंवा च्वांगत्से स्वतःला ‘ताओवादी’ म्हणवत नव्हते, हे वाचताना विसरू नये.

कन्फ्यूशस (परंपरेनुसार इ. स. पू. ५५१–४७९) लू राज्यातला. ‘रन’ म्हणजे माणुसकी आणि ‘ली’ म्हणजे विधी व आचारमर्यादा, या दोन कल्पनांवर त्याची शिकवण उभी आहे. ‘रन’चे लेखनचिन्ह ‘माणूस’ आणि ‘दोन’ यांच्या जोडीने बनते. त्याच्या परंपरेतील मेन्शियसच्या मते माणूस जात्या सत्प्रवृत्त आहे: मूल विहिरीत पडताना दिसले की कोणाच्याही काळजात धस्स होते. त्याच परंपरेतील श्युन्त्सेने नेमके उलट मांडले. चांगुलपणा शिक्षणाने कमवावा लागतो.

ताओ पंथाचा मूलग्रंथ ताओ-ते-चिंग याचा कर्ता व काळ हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. चौ दरबाराचा दप्तरदार लाओत्से याने सीमेवरील खिंडीच्या रक्षकाच्या विनंतीवरून पाच हजार अक्षरांचा ग्रंथ लिहिला, ही कथा स्सु-मा थानचा मुलगा, इतिहासकार स्सु-मा छ्येन याने दिली आहे. मात्र लाओत्से नेमका कोण, याविषयी तोच आणखी दोन नावे पुढे करतो. १९७३ मध्ये छांगशाजवळ मावांगत्वी येथे, इ. स. पू. १६८ मधील थडग्यात, या ग्रंथाच्या दोन रेशमी प्रती सापडल्या. दोन्हींत ‘ते’चा (सद्गुण, अंगभूत शक्ती) भाग आधी आणि ‘ताओ’चा नंतर येतो. हान संस्थापक ल्यू पांग याच्या नावातील ‘पांग’ (राज्य) हे अक्षर एका प्रतीत आहे. दुसरीत ते टाळून पर्यायी शब्द घातला आहे. सम्राटाच्या नावातील अक्षर लिहिणे निषिद्ध मानत, यावरून पहिली प्रत आधीची ठरते. १९९३ मध्ये हूपेइ प्रांतात ग्वोत्येन येथे मिळालेल्या, सु. इ. स. पू. ३०० च्या बांबूपट्ट्यांवर ग्रंथाचा सु. दोन-पंचमांश मजकूर आहे. प्रचलित एकोणिसाव्या प्रकरणात ‘रन’ आणि न्यायबुद्धी टाकून द्या, असा कन्फ्यूशसच्या अनुयायांवर थेट हल्ला आहे. तो या पट्ट्यांवर नाही. काही अभ्यासक या पट्ट्यांना पूर्ण ग्रंथातील वेचे मानतात. ग्रंथ हळूहळू वाढत गेला, हे मत अधिक पटणारे आहे.

मोत्सेने ‘सर्वांवर सारखे प्रेम’ सांगितले आणि खर्चिक अंत्यविधी, संगीत व आक्रमक युद्ध यांना विरोध केला. सुंग राज्यावरील स्वारी थांबवण्यासाठी तो दहा दिवस, दहा रात्री चालत छू राज्यात पोहोचला, अशी कथा आहे. त्याच्या अनुयायांच्या सूत्रांत बारीक छिद्रातून पडणारी प्रतिमा उलटी का दिसते, याचाही विचार आहे. इतका समृद्ध पंथ हानकाळात जवळजवळ नाहीसा झाला, ही चिनी विचारांची मोठी हानी होय.

नामपंथीय कुंगसुन लुंगचे ‘पांढरा घोडा हा घोडा नव्हे’ हे विधान प्रसिद्ध आहे. यिन-यांग पंथाच्या त्सौ येनचे ग्रंथ नष्ट झाले.

विधिवादी शांग यांग व हान फेइ (मृत्यू इ. स. पू. २३३) यांनी कायदा, बक्षीस आणि शिक्षा यांवर राज्य उभारले. छिनने त्यांचीच वाट धरली. इ. स. पू. २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. पुढे हान सम्राट वू याने कन्फ्यूशस परंपरेच्या पाच ग्रंथांसाठी राजाश्रित अध्यापक नेमले (इ. स. पू. १३६).

भारताशी एक संबंध नोंदवण्याजोगा आहे. महाराष्ट्राचे वर्णन करणाऱ्या ह्युएनत्संगावर थांग सम्राटाने ६४७ मध्ये, कामरूपच्या (आसाम) राजासाठी, ताओ-ते-चिंगच्या संस्कृत भाषांतराचे काम सोपवले. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द घालावा, असा ताओवादी पुरोहितांचा आग्रह होता. ह्युएनत्संग ‘मार्ग’ या शब्दावर अडून राहिला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही.