स्तोत्र १३६ : प्रायश्चित्तकाळातील मनन

बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १३६ व्या स्तोत्राचे प्रायश्चित्तकाळात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या (ईस्टरपूर्वीच्या) चाळीस दिवसांत, एकट्याने किंवा समूहाने केलेले पठण व चिंतन. स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीचा उत्तरार्ध एकच आहे : ‘त्याची दया सनातन आहे’. पूर्वार्ध एकाने म्हणायचा आणि पालुपद सर्वांनी धरायचे, अशी याची बांधणी असल्याने अक्षरओळख नसलेली आजी आणि शाळकरी मूल या दोघांनाही पहिल्याच बैठकीत भाग घेता येतो. मुंबईतील मराठी ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. गावठाणांतले ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळ रहिवासी ख्रिस्ती) आणि वसईपट्ट्यातून आलेली कुटुंबे बहुतांशी कॅथलिक. भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल, गिरगावचे अंब्रोली अशी चर्चेस प्रॉटेस्टंट मिशनांच्या परंपरेतली, आणि त्यांपैकी अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासूनचे. कॅथलिक ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हणतात, प्रॉटेस्टंट घरांत ‘लेंट’ किंवा ‘उपवासकाळ’ अधिक ऐकू येते. स्तोत्र मात्र दोघांचे तेच. फक्त जुन्या लॅटिन क्रमांकनात ते १३५ वे आहे, म्हणून आजोबांच्या काळातले प्रार्थनापुस्तक वापरताना आकड्यावर न जाता पहिली ओळ पाहून घ्यावी.

स्तोत्राची घडण

पहिल्या तीन ओव्या उपकारस्मरणाचे आवाहन करतात. ४ ते ९ मध्ये सृष्टी येते : आकाश, जळावर पसरलेली पृथ्वी, दिवसावर सत्ता चालवणारा सूर्य, रात्रीवर चंद्र-तारे. १० ते १५ मध्ये मिसर (इजिप्त) देशातून सुटका आणि तांबडा समुद्र. १६ व्या ओवीत रान. १७ ते २२ मध्ये अमोऱ्यांचा राजा सीहोन व बाशानचा राजा ओग यांचा पाडाव आणि वतन म्हणून मिळालेला देश. २३ व्या ओवीला सूर बदलतो. तोवर ‘इस्राएल’, ‘त्याचे लोक’ असे दुरून चाललेले वर्णन एकदम ‘आमच्या’ दैन्यावस्थेवर येते. २५ वी ओवी सर्व प्राणिमात्राला अन्न देणाऱ्याची आणि शेवटची स्वर्गातील देवाची. सबंध स्तोत्रात देवाला एकदाही ‘तू’ म्हणून हाक मारलेली नाही. आपली ओळ जोडताना ही गोष्ट उपयोगी पडते, ते पुढे येईलच.

स्तोत्रात काय नाही, हे पाहणे प्रायश्चित्तकाळात जास्त महत्त्वाचे. सीनाय पर्वत नाही, दहा आज्ञा नाहीत, सोन्याचे वासरू नाही, अन्नपाण्यावरून केलेली कुरकुर नाही. रानातली चाळीस वर्षे एका ओवीत उरकली आहेत आणि तीही ‘ज्याने आपल्या लोकांना रानातून नेले’ एवढ्यावरच थांबते. कवीला हे प्रसंग ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही, कारण १०६ वे स्तोत्र याच पालुपदाने सुरू होते आणि ४८ ओव्यांत लोकांचे अपराध एकेक करून मोजते. दोन्ही स्तोत्रांची पहिली ओवी जवळजवळ एकच असताना एकाने सगळा हिशेब मांडला आणि दुसऱ्याने तो उघडलाच नाही. प्रायश्चित्तकाळ म्हटला की ५१ वे स्तोत्र पुढे येते. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसाच्या, मिस्सालाही (चर्चमधल्या मुख्य उपासनेलाही) तेच असते आणि ते योग्यच आहे. पण चाळीस दिवस केवळ स्वतःच्या चुका उगाळण्यात गेले तर मनन आत्मनिंदेकडे झुकते. त्यावर १३६ वे स्तोत्र हा चांगला उतारा आहे. बैठक चालवणारे जाणकार चालक १०६ आणि १३६ लागोपाठच्या दोन आठवड्यांत घेतात, आधी १०६. क्रम उलटा झाला तर दुसरी बैठक पहिलीवर पाणी फिरवते.

यहुदी परंपरा आणि उपवास

यहुदी परंपरेत या स्तोत्राला ‘महान हल्लेल’ (मोठे स्तुतिगान) म्हणतात. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री भोजनानंतर आणि शब्बाथच्या सकाळी ते म्हटले जाते. मुंबईत बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाच्या घरांमुळे ही परंपरा शेजारचीच आहे. त्यांचे सर्वांत जुने सिनेगॉग, १७९६ मध्ये मांडवीत उभे राहिलेले ‘शाआर हरहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, आजही सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. वल्हांडणाची पोथी, हगादा, १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापली गेली.

उपवासाशी या स्तोत्राचा संबंध मात्र सरळ नाही. मिश्नेत (यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात) एक हकिगत आहे. लोद गावात पावसासाठी उपवास पुकारला होता. दुपारच्या आत पाऊस पडला, तेव्हा रब्बी तर्फोन यांनी लोकांना सांगितले, जा, खा, प्या, सण करा. लोक जेवून संध्याकाळी परत आले आणि महान हल्लेल म्हटले. हे स्तोत्र भरल्या पोटी म्हणावे, असा संकेत तालमूदमध्ये (मिश्नेवरील विवेचनात) यावरूनच दिला आहे. २५ वी ओवी अन्नाची आहे, असे त्याचे कारण सांगतात. दुसरीकडे, इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय २०) यहोशाफाट राजा आधी सर्व यहुदात उपवास पुकारतो आणि मग सैन्यापुढे गायक चालवतो. त्यांच्या तोंडी हेच पालुपद आहे. प्रत्यक्षात सोपा मार्ग असा, की उपवासाच्या दिवशी मुभा असलेले एक पुरे जेवण झाल्यावर बैठक ठेवावी. कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढेच दोन दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत, १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत, म्हणजे एकोणसाठावा वाढदिवस होईपर्यंत. त्यामुळे बाकीच्या दिवशी हा प्रश्न फारसा येत नाही.

केव्हा

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस. धर्मगुरू आणि धर्मभगिनी रोज म्हणतात त्या ब्रेव्हिअरीच्या (नित्य प्रार्थनापुस्तकाच्या) चार आठवड्यांच्या चक्रात १३६ वे स्तोत्र चौथ्या आठवड्याच्या सोमवारी सायंप्रार्थनेला, १ ते ९ आणि १० ते २६ असे दोन भागांत येते. प्रायश्चित्तकाळाचा चौथा आठवडा आणि चक्राचा चौथा आठवडा एकच असल्याने, समूहाने हा सोमवार धरला तर घरातले मनन आणि चर्चची प्रार्थना एका दिवशी जुळते. शुक्रवार टाळावा, त्या संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्प्याटप्प्याने केलेले स्मरण) असते. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते, तेव्हा ज्या घरात परीक्षार्थी आहे ते घर यजमान म्हणून घेऊ नये. कामावरून लोक घरी पोहोचून जेवेपर्यंत नऊ वाजतात, म्हणून पाऊण तासापेक्षा लांब बैठक मुंबईत टिकत नाही.

पद्धत

सहा ते बारा माणसे पुरेत. पंधराच्या वर गेली की लाजरी माणसे गप्प बसतात. सर्वांच्या हाती एकाच भाषांतराची प्रत हवी. ही बाब किरकोळ वाटते, पण सर्वाधिक बैठका इथेच फसतात. जुन्या प्रचलित भाषांतरात ‘त्याची दया सनातन आहे’ असते, सोप्या मराठीतल्या काही आवृत्त्यांत ‘दया’च्या जागी ‘प्रेम’ येते, आणि मोबाइलवर कोणाचे काय उघडलेले असेल सांगता येत नाही. दुसरी अडचण ‘कारण’ या शब्दाची : अर्धी माणसे ‘कारण त्याची दया…’ असे सुरू करतात, अर्धी थेट ‘त्याची’ने, आणि पहिल्या पाच ओव्या खडखडत जातात. काय म्हणायचे ते आधी ठरवून एकदा पालुपद नुसते म्हणून पाहावे. एका पानावर मोठ्या टायपात, निदान १६ पॉइंटमध्ये, झेरॉक्स काढलेली बरी.

पहिले वाचन सलग. २६ ओव्यांना चार-पाच मिनिटे लागतात. तीन मिनिटांत संपले तर चालक पालुपद पुरे होण्याआधीच पुढची ओवी उचलतो आहे असे समजावे. दुसरे वाचन थांबत : नवव्या, पंधराव्या, सोळाव्या आणि बाविसाव्या ओवीनंतर. इतर ठिकाणी दोन मिनिटे पुरतात, सोळाव्या ओवीनंतर चार द्यावीत, कारण तिथे स्तोत्राने जे सांगितले नाही ते ज्याचे त्याला आठवायचे असते. या शांततेत शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, जिन्यातली पोरे हे सगळे येणारच. शांतता होईल मग सुरू करू, असे म्हणत बसणाऱ्याची बैठक होत नाही. पंखा मात्र बंद करू नये. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात लोकांचे लक्ष घामाकडे जाते.

दुसऱ्या वाचनानंतर प्रत्येकाने आपली एखादी ओळ जोडायची, जास्तीत जास्त दोन. ती स्तोत्राच्याच साच्यात असावी : ‘ज्याने’ने सुरुवात, एक घडलेली गोष्ट, मग सर्वांचे पालुपद. ‘ज्याने संपाच्या वर्षात आमची चूल पेटती ठेवली’ ही ओळ १९८२ चा गिरणीसंप भोगलेल्या घरात आपोआप येते, ‘ज्याने २६ जुलैच्या पाण्यातून पोरीला घरी आणले’ ही २००५ च्या पुरानंतरची. घटना जितकी नेमकी तितके पालुपद भरीव वाटते. ‘ज्याने माझ्यावर खूप कृपा केली’ अशी गुळगुळीत ओळ आली तर चालकाने हळूच ‘केव्हा?’ विचारावे. देवाला ‘तू’ म्हणून सुरू झालेली ओळ मागणीकडे वळते, ‘प्रभू, तू मला अमुक दे’. मागण्या बैठकीच्या शेवटी वेगळ्या घ्याव्यात. आणि ‘ज्याने माझ्या भावजयीला तिची जागा दाखवली’ या जातीच्या ओळी येतातच. त्यांवर चर्चा न करता पुढच्या माणसाकडे वळणे एवढाच उपाय आहे.

तिसरे वाचन पुन्हा सलग, नवीन ओळी २४ व्या आणि २५ व्या ओवीच्या मध्ये घालून. शेवटी ‘आलेलुया’ म्हणायचे नाही, प्रायश्चित्तकाळात ते पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत, म्हणजे सणाच्या आदल्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, राखून ठेवलेले असते.

गाऊन म्हणायचे असेल तर भजनाची चाल उत्तम बसते, कारण एकाने पद आणि सर्वांनी पालुपद हा मराठी कानाचा जुना सराव आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तनाचा रिवाज रुजवला, त्याचा फायदा इथे मिळतो. रोमन विधीनुसार या काळात वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवायची (चौथा रविवार आणि मोठे सण वगळून). घरातल्या बैठकीला हा नियम लागू नसला तरी तो पाळलेला चांगला : पेटीवर नुसता सूर धरावा, मधले तुकडे वाजवू नयेत. पालुपदाची चाल पाच सुरांच्या आत ठेवावी आणि वरच्या षड्जाला जाऊ देऊ नये, नाहीतर दहाव्या ओवीपर्यंत पुरुष गप्प होतात.

कठीण ओव्या

१० व्या ओवीत मिसरातल्या प्रथमजन्मलेल्यांचा संहार आहे, १५ व्या ओवीत फारो व त्याचे सैन्य समुद्रात, १७ ते २० मध्ये राजांचा वध, आणि प्रत्येकामागे ‘त्याची दया सनातन आहे’. नवख्या माणसाचा घसा इथे अडतो, आणि अडावाही. काही समूह या ओव्या गाळतात. ते टाळावे. ब्रेव्हिअरीतून ५८, ८३ आणि १०९ ही शापाची स्तोत्रे वगळली आहेत, १३६ ची एकही ओवी काढलेली नाही, आणि तांबड्या समुद्राचा उतारा (निर्गम, अध्याय १४) पुनरुत्थानाच्या जागरणात कधीही गाळता येत नाही. ओव्या ठेवून दोन गोष्टी सांगता येतात. एक, बोलणारा वेठबिगारीतून सुटलेला आहे, ज्याची मुले फारोने नदीत टाकली होती. दुसरी, आद्य ख्रिस्ती मंडळीने या समुद्रात बाप्तिस्मा पाहिला आणि फारोत पाप. तरीही एखाद्याचे समाधान झाले नाही तर ओढून-ताणून करू नये. सीहोन आणि ओग यांच्या जागी आजच्या शत्रूंची, शेजारच्या समाजाची किंवा पक्षाची नावे घालण्याचा मोह मात्र चालकाने ठामपणे मोडावा.

पंचविसावी ओवी आणि दान

प्रायश्चित्तकाळाची तीन अंगे म्हणजे प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. स्तोत्र प्रार्थनेत आले, तिसरे अंग २५ व्या ओवीतून जोडले जाते. सोडलेल्या जेवणाचे किंवा शुक्रवारी न आणलेल्या मटणाचे पैसे डब्यात टाकून ते बैठकीच्या दिवशी एकत्र करणे ही साधी रीत आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासे नव्हेत, म्हणून मटणाऐवजी पापलेट आणले तर नियम मोडत नाही, डब्यात मात्र काही पडत नाही. कॅथलिक पातळीवर कारितास इंडिया या चर्चच्या मदतसंस्थेचे भूक व रोग यांविरुद्धचे अभियान याच काळात चालते, बरेच समूह रक्कम तिकडे देतात. रक्कम घरनिहाय जाहीर करू नये आणि डबा ओव्यांच्या मध्ये फिरवू नये.

आजारी माणसाजवळ

खाटेवरच्या माणसासाठी २६ ओव्या जास्त होतात. १ ते ९ आणि २३ ते २६ एवढे तेरा ओव्यांचे रूप घ्यावे, मधला इतिहास सोडला तरी स्तोत्र तुटत नाही. बोलता येत नसेल तर माणूस पालुपदावर बोटाने हातावर टिचकी देतो किंवा पापणी मिटतो, वाचणाऱ्याने तेवढा वेळ थांबावे. वॉर्डात आवाज शेजारच्या खाटेपलीकडे जाऊ नये, आणि शेजारच्याने आपणहून पालुपद धरले तर त्याचा धर्म विचारू नये.