वैद्यकीय संशोधन : प्रशिक्षण व अर्थसाहाय्य (खानदेश)

मेडिकल कॉलेजातले विद्यार्थी, रेसिडेंट आणि शिकवणारे डॉक्टर यांना संशोधन शिकायला नि करायला जे विद्यावेतन, फेलोशिप, ग्रँट, कोर्स, वर्कशॉप मिळतात त्या सगळ्याला मिळून हे नाव. इथे खानदेश म्हणजे आजचे धुळे, जळगाव, नंदुरबार हे तीन जिल्हे. जुन्या खानदेशात बुऱ्हाणपूर धरायचं का, बागलाण धरायचं का हा वाद वेगळा, त्यात इथे शिरत नाही. पैसा मात्र इथला नाही, तो दिल्ली, मुंबई, पुणे, नाशिक, हैदराबाद इकडून येतो, त्यामुळे नोंदीतला बराच मजकूर तिकडचाच आहे.

संस्था : धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे भागातलं जुनं सरकारी कॉलेज, १९८०च्या दशकाच्या अखेरीचं. जळगावचं सरकारी कॉलेज २०१८चं, नंदुरबारचं २०२०चं. धुळे आणि जळगावात खाजगी कॉलेजंही आहेत. संलग्नता सगळ्यांची नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८), आणि जळगावचं विद्यापीठ, म्हणजे १९९०चं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ज्याला २०१८पासून बहिणाबाईंचं नाव आहे, ते यात येत नाही. बाहेरच्या माणसाचा इथेच गोंधळ होतो. जळगावात बायोकेमिस्ट्री घेऊन एमएस्सी केलेली मुलगी आणि तिथून काही किलोमीटरवर एमबीबीएस करणारा तिचा भाऊ, दोघांचं विद्यापीठ वेगळं, पीएचडीची वाट वेगळी आणि अर्जावर सही करणारे साहेबही वेगळे.

उगम : भारतात वैद्यकीय संशोधनाला सार्वजनिक पैसा द्यायची पद्धत कधी सुरू झाली यावर एकमत नाही. एक मत १९४९ धरतं, कारण इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च म्हणजे आयसीएमआर हे नाव त्या साली आलं. दुसरं मत १९११ धरतं, तेव्हा तीच संस्था इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नावाने निघाली होती आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ला मुंबईत प्लेग लॅबोरेटरीत भरली, अध्यक्ष सर हारकोर्ट बटलर. तिसरं मत अजून मागे जातं. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, १८९९मध्ये त्याची लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि हा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, मग तीच सुरुवात का नको? प्रश्न रास्त आहे, खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यातच होता (पूर्व-पश्चिम अशी वाटणी १९०६ची), म्हणजे इथल्या माणसालाही तो जवळचा वाटावा. पण सरकारने आपल्या नोकराला लॅब बांधून देणं वेगळं आणि बाहेरच्या कुणी अर्ज करावा, तो कुणी तपासावा, मग पैसे मिळावेत हे वेगळं. दुसऱ्या प्रकाराची पायवाट १९११पासून दिसते, मूळ नावातच फंड हा शब्द होता हेही विसरू नये. म्हणून १९११ धरणं बरं. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च हे त्यांचं नियतकालिक १९१३चं आहे, तेही याच बाजूचं.

अर्थात धुळ्याच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराला या तारखांशी काही घेणंदेणं नाही, त्याच्यासाठी कामाचं साल १९७९.

एसटीएस : १९७९मध्ये आयसीएमआरने शॉर्ट टर्म स्टुडंटशिप काढली, कॉलेजात सगळे एसटीएसच म्हणतात (एसटीच्या पासाशी संबंध नाही, फर्स्ट इयरवाले हा जोक दरवर्षी नव्याने करतात). एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्याने कॉलेजातल्याच एका शिक्षकाला गाइड घ्यायचं, छोटा प्रस्ताव ऑनलाइन टाकायचा, निवड झाली तर दोन महिन्यांचं काम करून रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट पास झाला की सर्टिफिकेट आणि विद्यावेतन. रक्कम बरीच वर्षं किरकोळ होती, १०,००० मग २०,०००, आणि आता दोन महिन्यांचे मिळून ५०,०००. एका गाइडकडे एकच विद्यार्थी, त्यामुळे जानेवारीच्या आसपास कम्युनिटी मेडिसिन आणि मायक्रोबायोलॉजीच्या डिपार्टमेंटबाहेर जी घुटमळणारी पोरं दिसतात ती अटेंडन्स वाढवून घ्यायला आलेली नसतात.

याला प्रशिक्षण म्हणायचं की अर्थसाहाय्य यावरही दोन तऱ्हेने बोललं जातं. पैसे मिळतात म्हणून कॉलेजच्या वार्षिक अहवालात ते ग्रँटच्या तक्त्यात घुसडलेलं दिसतं. पण हे पैसे विद्यार्थ्याच्या हातात जातात आणि तेही काम झाल्यावर, किट, झेरॉक्स, गावात जायचा खर्च याला वेगळं काही नसतं, तो एकतर कॉलेजचा नाहीतर खिशातला. शिवाय योजनेचा हेतूच संशोधनाची पद्धत कळावी एवढा आहे, दोन महिन्यांत कुणी शोध लावावा अशी अपेक्षा नाही. तेव्हा प्रशिक्षणातच धरलेलं बरं. खानदेशात तर याचं वजन जास्तच आहे, कारण इथल्या मुलाला थिसिसच्या आधी प्रश्नावली बनवणं, सॅम्पल साइज काढणं, एथिक्स कमिटीपुढे घाम फुटणं हे सगळं पहिल्यांदा इथेच होतं. नाशिकचं विद्यापीठही पदवीच्या विद्यार्थ्यांना छोट्या मुदतीची संशोधन ग्रँट देतं, दोन्हीचे अर्ज भरणारे असतात.

सक्तीचा कोर्स : पीजीवाल्यांना बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च करावाच लागतो, २०१९च्या बॅचपासून. चेन्नईची आयसीएमआरची साथरोग संस्था तो चालवते, व्हिडिओ लेक्चर फुकट, परीक्षेची फी भरावी लागते, असाइनमेंटला ५० टक्के असतील तरच परीक्षेला बसता येतं आणि परीक्षेतही ५० टक्के लागतात. शिक्षकांना प्रमोशनसाठीही तो लागतो, २०२२च्या नियमांत असोसिएट प्रोफेसर व्हायला दोन पेपर आणि हा कोर्स अशी अट होती. त्यामुळे झालंय असं की पन्नाशीतले सर्जन आणि त्यांचाच ज्युनियर रेसिडेंट एकाच रात्री एकाच असाइनमेंटची उत्तरं शोधत बसलेत, डेडलाइन दोघांचीही तीच.

कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलचा प्रोटोकॉल लिहायला शिकायचं तर टाटा मेमोरियलने २०१५पासून चालवलेला क्रेडो हा वर्कशॉप नाव घेण्यासारखा. तिथे आपला कच्चा प्रस्ताव घेऊन जायचं, आठवडाभर अनुभवी मंडळी तो फाडून पुन्हा शिवून देतात.

पीएचडी आणि फेलोशिप : ज्युनियर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,०००, सीनियर (एसआरएफ) ४२,०००, घरभाडं वेगळं. राज्यातल्या संस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी पुण्याची टीआरटीआय. केंद्राची आदिवासी विद्यार्थ्यांची राष्ट्रीय फेलोशिप वर्षाला ७५० जणांना, नंदुरबारच्या भिल्ल, पावरा, कोकणा मुलांनी बघून ठेवावी अशी. डॉक्टर असून संशोधनाकडे वळायचं तर आयसीएमआरची क्लिनिकल सायंटिस्ट घडवायची योजना आहे, आणि २००८ला सुरू झालेली डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्स (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची), कचेरी हैदराबादला, तिच्या फेलोशिपमध्ये डॉक्टर आणि पब्लिक हेल्थवाल्यांचा रकाना वेगळा आहे. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची फेलोशिप आहे, लग्न होऊन भुसावळ-चाळीसगावला आलेल्या कितीतरी एमडी बाया यात बसतील, पण जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचते कुठे.

शिक्षकांच्या ग्रँट : आयसीएमआरच्या बाहेरच्या संस्थांना द्यायच्या पैशांत आता ढोबळ दोन थर आहेत, स्मॉल ग्रँट २ कोटींपर्यंत आणि इंटरमिजिएट २ ते ८ कोटी. खानदेशातल्या कॉलेजाने पहिल्यालाच हात घालावा असं साधं व्यवहारज्ञान सांगतं. एखादं यंत्र किंवा किट बनवायची आयडिया असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान कंपनीची बिग नावाची ग्रँट, ५० लाखांपर्यंत, १८ महिने. विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या सर्ब या केंद्राच्या मंडळाच्या जागी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय, कायदा २०२३चा. सरकारी मेडिकल कॉलेजांसाठी २०१३पासून मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिटची योजना आहे, मूळ आराखड्यात एका युनिटला उपकरणं आणि बांधकाम मिळून साधारण सव्वापाच कोटी, शिवाय पगारी माणसं, आणि कुठला प्रोजेक्ट घ्यायचा ते कॉलेजपातळीवरची सल्लागार समिती ठरवते. खाजगी कॉलेजांना यात जागा नाही.

आयुर्वेदवाल्यांना सीसीआरएएस या केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची स्पार्क योजना आहे, २०२२पासून, बीएएमएसच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांचे ५०,०००. एसटीएसचाच धाकटा भाऊ.

स्थानिक विषय : प्रस्ताव तपासणारा दिल्लीत बसलेला असतो, त्याला एकच विचारायचं असतं, हे काम तुमच्याचकडे का? याचं खानदेशापाशी सगळ्यात भक्कम उत्तर म्हणजे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्तीत हा जनुक चांगलाच आढळतो. भारतात तो पहिल्यांदा कुणी दाखवला यावर साधारण लेहमन आणि कटबुश (निलगिरी, १९५२) यांचं नाव घेतात, त्याच साली आसामच्या चहामळ्यांतलाही अहवाल आहे, पण आदिवासी समाजात पद्धतशीर शोध घेतला म्हणून निलगिरीला झुकतं माप देतात आणि ते पटण्यासारखं आहे. महाराष्ट्राचा राज्य कार्यक्रम २००८च्या सुमाराचा, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ला शहडोलहून सुरू झालं. मुंबईची आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या विषयातली पंढरी, तिच्याशी हात मिळवला तर प्रस्तावाला वजन येतं आणि लॅबमधली माणसंही शिकून येतात.

गावात चाचणी कशी होते ते एकदा बघितलं पाहिजे. बोटाला टोचून थेंबभर रक्त सॉल्युबिलिटीच्या नळीत टाकतात, पाच मिनिटांनी नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरतात, मागच्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन रेघा गडप झाल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती नळी सांगत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या लॅबमधल्या चाचण्या लागतात, आणि बजेटच्या तक्त्यात नेमकं हेच विसरून नुसत्या नळ्यांचा हिशोब लावलेले प्रस्ताव परत येतात.

बाकी विषय म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याचं कुपोषण, कापसाच्या पट्ट्यातली कीटकनाशकाची विषबाधा, सर्पदंश, उन्हाळ्यातला उष्माघात.

संमती आणि भाषा : एथिक्स कमिटीत किमान ७ माणसं, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, कोरम ५, हे २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि विद्यार्थ्याच्या छोट्या प्रोजेक्टलाही मंजुरी लागते. ट्रायल असेल तर सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद, आणि १ एप्रिल २०१८पासून ती पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, मागाहून नाही. संमतिपत्राचं मराठी भाषांतर सगळे जोडतात. खरी अडचण पुढे येते, साक्रीच्या नाहीतर अमळनेरच्या खेड्यातली म्हातारी अहिराणीत विचारते, "रगत कसाले लेतस भाऊ?" आणि डोंगरात गेलं की मराठीही चालत नाही, पावरी नाहीतर भिलोरी लागते. छापील कागदात 'सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक आहे' असं असतं, ते वाचून दाखवून काही होत नाही. निरक्षर माणसाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून हजर हवा, आशाताई चालेल का यावर कमिट्यांमध्ये खल होतो, कारण ती प्रोजेक्टमध्ये मानधनावर असेल तर तटस्थ राहत नाही. पावरी बोलणारा फील्ड वर्कर बजेटमधल्या मनुष्यबळाच्या हेडमध्ये (खर्चाच्या रकान्यात) आधीच मागून घ्यावा, नंतर मिळत नाही.

हिशोब : पैसे हप्त्याने येतात आणि पुढचा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (पैसे कसे खर्च झाले याचा दाखला) अडलेला असतो, नमुना केंद्राच्या वित्तीय नियमांतला जीएफआर १२-अ. त्यावर खर्च, शिल्लक आणि बँकेने दिलेलं व्याजही दाखवायचं, ते व्याज देणाऱ्या संस्थेचं असतं, कॉलेजचं नव्हे. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. एका कॉलेजात (नाव घेत नाही) मी स्वतः बघितलंय, प्रोजेक्टचं काम चोख, सॅम्पल फ्रीझरमध्ये तयार, पण अकाउंट सेक्शनमधले भाऊसाहेब बदलीवर गेले आणि व्याजाचे चारशे-काही रुपये कुठल्या हेडला टाकायचे हे नव्या माणसाला कुणी सांगितलं नाही, त्या चारशे रुपयांपायी दुसरा हप्ता सात महिने आला नाही आणि तोवर फील्ड वर्कर ऊसतोडीला निघून गेला.