वाघा बॉर्डरची गर्दी आणि मागे राहिलेलं हुसैनीवाला

अमृतसरची सहल म्हटलं की सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि संध्याकाळी वाघा बॉर्डर, हा क्रम आपल्याकडच्या टूरवाल्यांनी पक्का करून टाकलाय. आपला देश नेमका कुठे संपतो, ते लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं. ही ओढ पंजाबात जास्त जाणवते, कारण इथे ना डोंगर आडवा येतो ना समुद्र. दोन्हीकडे तीच गव्हाची शेतं. रेघ ओढायला सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाला जेमतेम पाच आठवडे मिळाले आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. सुरुवातीला वाघाला, अमृतसरहून लाहोरला जाणाऱ्या जीटी रोडवर, सीमा म्हणून चुन्याने रंगवलेले ड्रम आणि दगड होते. ध्वज उतरवण्याचा सोहळा १९५९ पासूनचा. दोन्ही झेंडे एकाच वेगाने, एकमेकांना छेदत खाली येतात, कारण कोणाचाही झेंडा क्षणभरसुद्धा वर राहता कामा नये.

पण सीमा पाहायचीच असेल तर फिरोजपूरजवळच्या हुसैनीवालाला जायला हवं. २३ मार्च १९३१ च्या रात्री भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव या तिघा हुतात्म्यांचे देह सतलजच्या काठी इथेच घाईघाईने जाळले गेले. त्यातला राजगुरू आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचा. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली आणि १९६१ मध्ये परत मिळाली.

‘समाधीसाठी भारताने बारा गावं दिली’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ती गावं सुलेमानकीजवळची होती. रॅडक्लिफच्या फाळणीच्या निवाड्यातच एक कलम होतं: सतलजवरच्या सुलेमानकीचं हेडवर्क्स, म्हणजे कालव्यांना पाणी सोडणारा बंधारा, पश्चिम पंजाबकडे, म्हणजे पाकिस्तानकडे राहावं, तिकडच्या जिल्ह्याच्या हद्दीत ते बसत नसेल तर त्यापुरती जमीन तिकडे द्यावी. ‘त्यापुरती’ म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेरा वर्षं घोळ चालला. जानेवारी १९६० च्या करारात हुसैनीवाला, सुलेमानकी आणि आणखी काही वादग्रस्त तुकडे एकत्रच मिटवले गेले. म्हणजे भावनेच्या जोडीला पाण्याचा हिशेबही होता. तरीही सौदा योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे. हुतात्म्यांच्या समाधीला जायला व्हिसा लागला असता, तर ते आपल्याला कायम सलत राहिलं असतं. मात्र त्या बारा गावांची नावं आज कोणाच्या तोंडी नाहीत, हेही बरोबर नाही.

१९६८ मध्ये स्मारक उभं राहिलं. १९७१ च्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं आणि १९७३ मध्ये पुन्हा बांधलं गेलं. लाहोरकडे जाणारी रेल्वे आता इथेच संपते. २३ मार्चला आणि बैसाखीला फिरोजपूरहून खास गाडी सोडतात. संध्याकाळचा सोहळा इथेही होतो. गर्दी कमी आणि अंतर इतकं थोडं, की समोरच्या बाकांवरचे चेहरे स्पष्ट दिसतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये वाघाच्या पाकिस्तानी बाजूला आत्मघाती स्फोटात पन्नासहून जास्त माणसं गेली, तरी लोकांचं येणं थांबलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सोहळ्याच्या वेळी फाटक उघडणं आणि हस्तांदोलन बंद झालं. मे महिन्यात काही दिवस प्रेक्षकांनाही मज्जाव होता. हेच निर्बंध हुसैनीवाला आणि फाजिल्काजवळच्या सादकीलाही लागू झाले. सादकीच्या समोरचं पाकिस्तानी ठाणं म्हणजे सुलेमानकी, जिथल्या बंधाऱ्यापायी तो सगळा घोळ झाला होता.