हेलियमला धक्का किती लागतो?

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबाने इथून पाहिलं आणि हेलियम सापडला, असं देवगडकडे सांगतात. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होता. ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सेनने आंध्रातल्या गुंटूरला पाहिलं. लॉकियरने २० ऑक्टोबरला ग्रहणाशिवायच सूर्याची कड न्याहाळली आणि तिच्या प्रकाशाच्या वर्णपटात ती अनोळखी पिवळी रेघ टिपली, जी पुढे हेलियमची ठरली. तरी विजयदुर्गाने हेलियमला आपलं मानलंय, तेव्हा त्याचीच पुढची गोष्ट.

हा वायू महाकंजूष. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) सुटतो, हेलियमचा पहिला सुटायला २४.६ लागतात. १९१३ साली फ्रँक आणि हर्ट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून हा आकडा मोजला, तो आला २०.५. दुसऱ्या वर्षी पाऱ्याच्या वाफेत ४.९ मिळाले, तेही त्यांनी आयनीभवनच, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटणंच, धरलं. अणूची रचना मांडणाऱ्या नील्स बोरने १९१५मध्ये चूक दाखवली : अणू फुटत नाही, नुसता वरच्या पातळीवर चढतो. पाऱ्याचं खरं आयनीभवन १०.४ला. मोजमाप चोख, अर्थ तेवढा चुकला. १९२५चं नोबेल त्यांना मिळालंच.

पण इलेक्ट्रॉनऐवजी अणूच अणूवर आदळला तर? धक्क्याजवळ मोकळी तरंगणारी होडी घ्या. तेवढ्याच वजनाची दुसरी होडी येऊन तिच्यात रुतली, तर दोघी मिळून पुढे वाहत जातात. त्या वाहण्यात निम्मी गतिज ऊर्जा अडकते, कारण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कुठे जात नाही. फळ्या मोडायला उरते निम्मीच. म्हणून स्थिर हेलियमवर हेलियम आदळताना २४.६ पुरत नाहीत, किमान ४९.२ हवेत. इलेक्ट्रॉन हेलियमच्या सुमारे ७,३०० पट हलका, त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा कामी येते.

बरं, ४९.२ दिले तरी काम फत्ते होतं असं नाही. एवढ्या ऊर्जेचा हेलियम अणू सेकंदाला जेमतेम ४९ किलोमीटर धावतो, २४.६ ऊर्जेचा इलेक्ट्रॉन २,९०० किलोमीटरच्या पुढे. अणू इतका सावकाश येतो की आतल्या इलेक्ट्रॉनांना सावरून घ्यायला भरपूर सवड मिळते, आणि बहुतेक टकरींत दोन्ही अणू धडधाकट सुटतात.