फेडर का खरखरतो?

साऊंड मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी म्हणजे फेडर. त्याच मिक्सरला वायर जोडायची खोबण म्हणजे जॅक. सोन्याचा मुलामा दिलेला जॅक घेतला की आवाज गोड होतो, असं ठामपणे सांगणारे साऊंडवाले हणजूण-वागातोरपासून फोंड्याच्या जत्रांपर्यंत भेटतात. सुराशी सोन्याचा काही संबंध नाही. ते गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. तोही मुलामा पुरेसा जाड असेल आणि खाली निकेलचा थर असेल तरच; नाहीतर बारीक छिद्रांतून खालचं पितळ उलट लवकर खराब होतं.

गोव्यात मिक्सर बिघडला की दोष पावसाला दिला जातो. पण मिठाकडे कुणी बघत नाही. लाटा फुटताना उडालेले तुषार हवेतच सुकतात आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर यंत्रात शिरतात. शुद्ध सोडियम क्लोराईड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडं राहतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांनाच हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ बरणीत ओलसर राहतं ते यामुळेच. किनाऱ्यावर आर्द्रता इतकी खाली क्वचितच येते. म्हणजे मिक्सरमधला खारा थर डिसेंबरातही पुरता सुकत नाही, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं.

साध्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवरून धातूची स्प्रिंग घासत सरकते. पट्टी झिजते, स्प्रिंगवर गंज धरतो, संपर्क क्षणभर तुटतो, आणि स्पीकरमधून खरखर येते. डिजिटल मिक्सरमध्ये खरखरीऐवजी आवाजाची पातळी अचानक उसळते.

यावरचा सुंदर उपाय म्हणजे घासणारा संपर्कच काढून टाकणं. दांडीला चुंबक लावायचा आणि खाली वार्निशने झाकलेल्या बोर्डावर चुंबकाचं क्षेत्र ओळखणारा सेन्सर बसवायचा. दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा. वाहत्या विद्युतभारांना चुंबक आडवं ढकलतो, ते सेन्सरमधल्या पट्टीच्या एका कडेला जमतात आणि दोन कडांमध्ये बारीक व्होल्टेज तयार होतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉलने १८७९ साली हे सोन्याच्या पातळ वर्खावर दाखवलं. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन अतोनात, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहासाठी प्रत्येकाचा वेग अगदी कमी. वेग कमी म्हणून आडवा रेटाही कमी, आणि व्होल्टेज नगण्य. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात वाहक थोडे असतात, म्हणून तोच प्रवाह वाहायला त्यांना जोरात धावावं लागतं आणि व्होल्टेज मोजण्याजोगं होतं. पट्टी जितकी पातळ तितकं ते जास्त. या व्होल्टेजवरूनच दांडी कुठे आहे ते कळतं. चुंबकीय क्षेत्र प्लॅस्टिक, वार्निश आणि मिठाच्या थरातून बिनदिक्कत पार जातं. झिजायला उरतात फक्त दांडीचे रूळ.

अडचण एक आहे: शेजारच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो. म्हणून चांगल्या रचनेत दोन सेन्सर बसवून त्यांच्या नोंदींतला फरक घेतात. बाहेरचं क्षेत्र दोघांवर जवळजवळ सारखं पडतं, त्यामुळे ते वजा होतं.

काही मिक्सरना लिंबू-मिरची टांगलेली दिसते. लिंबाचा रस आम्लधर्मी. तो जॅकमध्ये ठिबकला तर दृष्ट खरोखरच लागेल.

जाहिरातीतल्या ‘आयपी ६७’वरही विसंबू नका. धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, एवढंच तो आकडा सांगतो. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते. ती झाली आहे का, हे दुकानदाराला विचारा.